मॅडमची खुंटी

मॅडमनी चष्मा पुसला आणि दोन्ही चित्रं खिडकीपाशी उजेडात धरली. मुंगी समोर उभी होती. मान खाली घालून राबणाऱ्या या विद्यार्थिनीला सगळी प्रयोगशाळा मुंगीच म्हणायची. लेखात यातलं कुठलं घालायचं ते तुम्हीच ठरवा, एवढंच ती म्हणाली होती.

यीस्टच्या पेशीत एक इवलंसं यंत्र असतं. आरएनएमधला बिनकामाचा तुकडा ते कापून टाकतं आणि उरलेली टोकं जोडतं. ढीगभर प्रथिनं एकत्र येऊन ते बनतं. कापणं आणि जोडणं यांच्यामध्ये ते विस्कटून कसं जात नाही? तिथे एक छोटं प्रथिन खुंटीसारखं ठोकलेलं असणार, असं मॅडम वीस वर्षं सांगत होत्या. दिसलं मात्र कुणालाच नव्हतं. परिषदांमध्ये लोक चहा पिता पिता विचारायचे, काय, सापडली का खुंटी? मॅडम ते हसण्यावारी न्यायच्या आणि घरी येऊन नवऱ्यावर डाफरायच्या. त्या बिचाऱ्याला खुंटी म्हणजे टॉवेल अडकवायची, एवढंच ठाऊक.

गेल्या महिन्यात मुंगीच्या चित्रात ती एकदाची दिसली. लेख आज संध्याकाळी नियतकालिकाकडे जायचा होता. मॅडम निवृत्तीला टेकल्या होत्या, आणि मुंगीची पदवी त्याच लेखावर अडून होती.

मॅडमनी डावं चित्र उचललं. खुंटी कुठे वळते, कुठे रुतते, ते त्या बोटाने दाखवत गेल्या. उजव्या चित्रात त्या जागी नुसती पोकळी होती. हे काहीतरी बिघडलंय, म्हणून त्यांनी ते बाजूला सारलं.

मुंगी न विचारता खुर्ची ओढून बसली.

"मॅडम, डावं रिकाम्या जाळीचं आहे. तिच्यावर नुसता बर्फ होता. प्रथिन घातलंच नव्हतं."

मग तिने सगळं सांगितलं. प्रथिनं बारीक जाळीवर गोठवून सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो धूसर असतात, नुसते ठिपके. त्यातले कामाचे निवडायला गेल्या महिन्यात तिने कॉम्प्युटरला नमुना दिला होता तो मॅडमनीच काढलेल्या आकाराचा, खुंटीसकट. कॉम्प्युटरने इमानेइतबारे त्याच्याशी जुळणारे ठिपके तेवढे उचलले आणि एकावर एक रचले. खुंटी उगवली. मुंगीला शंका खाऊ लागली, म्हणून तिने तोच नमुना रिकाम्या बर्फावर चालवून पाहिला. तिथेही उगवली. उजवं चित्र खऱ्या प्रथिनांचं होतं, नमुना न देता काढलेलं.

मॅडमना आधी मुंगीचा राग आला, मग स्वतःचा. कुणाकुणाला सांगितलंस, त्यांनी विचारलं. कुणालाच नाही, मुंगी म्हणाली. तुम्ही म्हणत असाल तर गेल्या महिन्यातलं चित्र तसंच पाठवते, असंही ती खालच्या आवाजात म्हणाली.

मॅडमनी डावं चित्र पुन्हा उजेडात धरलं. सगळं कळूनही त्यांना तिथे खुंटी दिसतच होती.

"ही दोन्ही पाठव," त्या म्हणाल्या. "आणि डाव्याखाली माझं नाव घालून लिही, की खुंटी मी या रिकाम्या बर्फातही ओळखली."