तळाशी एकच शब्द मोठा

“मीनाबाई, आणखी एकदा मजकूर उडाला, तर जावा परत छपाईचे शिशाचे खिळे जुळवायला!” छापखान्याचे थोरले मालक कधीच वारले, पण संगणक सुरू केला की त्यांचा तो आवाज मीनाबाईंच्या कानात अजून उठे.

आज अझहर गडहिंग्लजच्या छापखानदाराला, आकारामअण्णांना, घेऊन आला होता. मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम उचगावच्या या पोरानं इथंच बसून लिहिलेला. अण्णांना पटला, तर त्याला बाहेरगावचं पहिलं गिऱ्हाईक मिळणार होतं. दाखवायला म्हणून मीनाबाई लग्नपत्रिका टाइप करत होत्या. जात्यावर ओवी चालावी तशी बोटं चालली होती.

अण्णांची नजर मात्र पडद्याच्या तळाशी. तिथं प्रोग्रॅम इंग्रजीत निरोप देई. बाकी सगळे निरोप बारक्या अक्षरांत. मजकूर जपून ठेवला की ‘सेव्ह्ड’ हा एकच शब्द थोरल्या, कॅपिटल अक्षरांत.

“ह्यो एकटाच का बोंबलाय लागलाय?” अण्णा हसले. “बाकीची कुजबुजत्यात, आन् ह्यो दवंडी पिटतोय!”

“चुकून झालंय, अण्णा,” अझहर म्हणाला.

“एवढी चूक डोळ्याला दिसंना, आन् प्रोग्रॅम विकाय निघालास व्हय? आत किती भोकं असतील? न्हाय बाबा, चलतो मी.”

अण्णांनी टोपी चढवली. हसणाऱ्या प्रत्येकाला अझहर ‘चुकून झालंय’ हेच सांगत आला होता, आणि मीनाबाई खाली मान घालून टाइप करत राहिल्या होत्या. आज बोटं थांबली.

“पावणं, बसा जरा. ती चूक न्हाय.” त्या उभ्या राहिल्या. “मला मोठी एबीसीडी तेवढी येती. बारकी न्हाय वाचता येत. मजकूर ऱ्हायला का न्हाय कळायचं न्हाय, लाईट गेली की समदं जायचं. कुणाला बोलले न्हवते. एकदा असाच मजकूर उडाला तवा ह्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं, आन् दुसऱ्या दिवशी त्यो शब्द मोठा झालता.”

आकारामअण्णा पुन्हा खुर्चीत टेकले.

“मावशी, कशाला सांगितलासा?” अझहर पुटपुटला.

“तू माझ्यापायी लोकांचं हसू झेललंस, आन् मी लाज धरून बसले, लेकरा.” त्यांनी पदरानं डोळे टिपले. “तुझ्यामुळं हाय मी हितं कॉम्प्युटरवर. एवढंच म्हणायचं ऱ्हायलंतं.”