गाळलेला भाग

"नाताळच्या दिवशी हार तुम्हीच घालायचा, रिबकाबाई. शेठ दरवर्षी मुलांना खाऊ देतात," पाळकसाहेब म्हणाले.

"त्या माणसाच्या गळ्यात? मी?" रिबकाबाईंच्या बोटांत खडू मोडला. "साहेब, नवशाला जाऊन पंधरवडासुद्धा झाला नाही."

"तो अपघात होता, बाई. आणि शाळेचं छप्पर शेठच्याच लाकडांवर उभं आहे, हे विसरू नका."

अपघात! हा शब्द ऐकला की बाईंच्या मस्तकात तिडीक जाई. नवशा कातकऱ्याचा पोर. दहिवलीबाहेरच्या या मिशनच्या शाळेत बाईंनी त्याला हाताला धरून अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. दिवाळी सरली आणि सहदेवशेठचा मुकादम त्याला आईबापासकट कोंडाणे गावाच्या वरच्या रानात घेऊन गेला, कोळशाच्या भट्टीवर. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. मुंबईच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर पळत होत्या आणि शेठला कितीही कोळसा पुरत नव्हता. धुमसत्या भट्टीवरची माती खचली, की वर चढून तिथं पाला आणि माती दाबावी लागते. मोठ्या माणसाच्या वजनानं भट्टी ढासळेल, म्हणून मुकादमानं पोराला चढवलं. ती पोराच्या वजनानंही ढासळली.

फौजदार आला, शेठकडे जेवला आणि अपघात म्हणून लिहून गेला.

गेल्या नाताळात नवशा नाटकात मेंढपाळ झाला होता. यंदा ते काम घ्यायला एकही मूल तयार होईना. गाणं सुरू केलं, तर पहिल्या ओळीलाच वर्ग गप्प होई. बाई त्यांना रागावत नसत. त्यांची स्वतःची प्रार्थना बंद होती. ज्यानं आपलं लेकरू जगात पाठवलं, त्याला हे लेकरू दिसलं नाही? गुडघे टेकले की एवढा एकच प्रश्न तोंडात येई, आणि त्या तशाच उठत.

नाताळच्या सकाळी सहदेवशेठ खुर्चीत येऊन बसले. हार शेवटी पाळकसाहेबांनीच घातला. पेढ्यांची टोपली टेबलावर होती, पण एकाही मुलाची नजर तिकडं वळली नाही.

पार मागं, भिंतीला टेकून ठमी बसली होती. नवशाची आई. पोर ज्या नाताळाचं एवढं बोलायचं, तो तिला एकदा बघायचा होता. मांडीवर तिची धाकटी, पाच वर्षांची कोंडी. मुकादम दारातून ठमीला दबक्या आवाजात सांगत होता, "हे उरकलं की गाडीत बसायचं. पोरीला पन घे. पोराच्या जागी ती येईल आता."

शेजारून जाणाऱ्या बाईंनी ते ऐकलं. तशाच ताठ मानेनं त्या पुढं गेल्या आणि मुलांसमोर उभ्या राहिल्या.

त्यांनी गोष्ट सांगितली. गोठा, गव्हाण, मेंढपाळ, तारा. दरवर्षी त्या इथंच थांबत. पाळकसाहेबांनी गाण्याचं पुस्तक उघडलं.

"गोष्ट संपलेली नाही," बाई म्हणाल्या. "त्या मुलखात हेरोद नावाचा राजा होता. नवा राजा जन्मलाय, आपली गादी जाईल, या भीतीनं त्यानं गावातली सगळी तान्ही मुलं मारून टाकली."

"बाई, आज आनंदाचा दिवस," पाळकसाहेब घाईनं म्हणाले. "हा भाग आपण गाळतो."

"का गाळायचा? तो नाताळातच आहे. त्या आया रडल्या, साहेब. कुणी समजूत घालायला आलं, तर त्यांनी ती घालू दिली नाही. देवानं हे सगळं लिहून ठेवलंय. अपघात म्हणून नाही लिहिलं!"

शेठनं हातातली काठी जमिनीवर आपटली. बाईंना जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. त्यापुढं त्यांच्याजवळ काहीच नव्हतं.

"आन् ते गव्हानीतलं लेकरू?" मागून आवाज आला. ठमी उभी राहिली होती. "त्याला पन मारलं?"

बाई गडबडल्या. शेठला लाज वाटावी म्हणून त्यांनी गोष्ट सांगितली होती. त्या लेकराचा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता.

"नाही. ते वाचलं."

"कसं गं बाय?"

"आईबाप त्याला घेऊन दूर मिसर देशात गेले. राजाच्या हाती त्याला लागू दिलं नाही."

"परक्या मुलखात? आन् त्या लोकांनी ठिवून घेतलं?"

"घेतलं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वेगळाच येत होता. "राजा मेला. लेकरू मोठं झालं आणि आपल्या मुलखात परत आलं."

ठमीनं कोंडीचं मनगट धरलं. बसलेल्या मुलांमधून वाट काढत, शेठच्या खुर्चीशेजारून ती सरळ पुढं आली. तिनं पोरीचा हात बाईंच्या हातात दिला.

"मंग हिला घ्या," ती म्हणाली. "राजा मरंपातुर हिला तुमी ठिवा."

इतके दिवस बाई जो प्रश्न देवाला विचारत होत्या, तो आता त्यांनाच विचारला जात होता. त्यांनी कोंडीला कडेवर उचललं. मागच्या मुलांना ओलांडत मुकादम तरातरा पुढं आला, पण त्याचा हात पोरीपर्यंत पोचला नाही. मधे पाळकसाहेब येऊन उभे राहिले होते.