फुलदाणी

भोसरीच्या कंपनीत रिजेक्ट झालेला एक पीस धम्मरत्ननं दोन वर्षांपूर्वी घरी आणला आणि पंपाचा भाग आहे अशी आईला थाप मारली. आईनं तो घासूनपुसून लख्ख केला आणि बुद्धमूर्तीपुढं फुलदाणी म्हणून ठेवला. ‘माझ्या लेकाच्या हातचा आहे. कितीदा पडला, पण फुटला नाही,’ येईल त्याला ती कौतुकानं सांगायची. आज टीव्हीवर कुठल्याशा देशातलं युद्ध चाललं होतं. कोसळलेल्या स्वयंपाकघरात रुतलेला, न फुटलेला तोफगोळा कॅमेऱ्यानं जवळून दाखवला. घाट तोच, कडेची खाचही तीच. आईनं फुलदाणीतली फुलं काढली. ‘अगं, हा रिजेक्ट होता,’ धम्मरत्न पुटपुटला. ‘आणि पास झालेले कुठं गेले रे?’ वर्षभरात एकही पीस रिजेक्ट नाही म्हणून कंपनीनं परवाच त्याचा सत्कार केला, तेव्हा गल्लीभर पेढे आईनंच वाटले होते.