बिल्ल्यावरचा आकडा

"मला काही होत नाही!" बुटांचे तळ चिकटवणारा कारागीर तिसऱ्यांदा म्हणाला आणि सुरक्षा अधिकारीबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो दादा, किती वेळा सांगू? नाकाला सवय होते. फुफ्फुसाला होत नाही. वास थोडा असला तरी तास वाढले की मात्रा वाढतेच. बिल्ला नेमकं तेच साठवून ठेवतो."

बुटांच्या या कारखान्यात अठरा जणांना श्वासात जाणारी वाफ मोजणारे चकचकीत बिल्ले आठवडाभर कॉलरला लावायला दिले होते. हवा खेचणारे नवे पंखे बसल्यापासून चिकटवायच्या सोल्युशनचा वास निम्म्याने उतरला होता. सतरा आकडे मर्यादेत आले. याचा एकट्याचाच मर्यादेच्या तिप्पट! आणि मर्यादा ओलांडली की चिकटवणीच्या मेजावरून उठायचं, खोकी भरायला जायचं. बावीस वर्षं मुरलेला कारागीर खोकी भरायला तयार होईना.

"तुम्ही डबा उघडा ठेवत असणार."

"कधीच नाही."

"दुपारी मेजावरच डोकं टेकत असणार."

"बाहेर बाकावर झोपतो. शेजारच्यांना विचारा."

बाईंचं डोकं फिरायची वेळ आली. याच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. त्यांनी बदलीचा कागद पुढे ओढला आणि भरायला घेतला. त्याचं तोंड चालूच होतं.

"सोल्युशनने माणसं आजारी पडत असती, तर आमचं घर कधीच आडवं झालं असतं. बायको सकाळपासून घरी बुटांचे जोड चिकटवत बसते. बाळाला वारा लागू नये म्हणून खिडक्यासुद्धा बंद. इथल्यासारखा वास येतो का? नावालाही नाही. आणि चार महिन्यांचं बाळ इतकं गुणी, की दिवसभर झोपून असतं. हल्ली रडतही नाही."

"बाळाचं कौतुक नंतर, दादा. इथे सही करा."

त्याने कागदाकडे पाहिलं. पेन उचललं, परत ठेवलं. मग चोरी पकडली गेल्यासारखा ओशाळून हसला.

"रागावणार नसाल तर खरं सांगतो, बाई. माझी बदली करू नका. तो आकडा माझा नाहीच. बिल्ला मी एक दिवसही अंगाला लावला नाही. बाळाला चकाकी आवडते, म्हणून आठवडाभर पाळण्यालाच टांगून ठेवला होता."