पाडकामाचा ठेका

पाळक वाघचौरेसाहेबांनी संगमरवरी पाटीवरचा पडदा सरकवला आणि मंडळीनं टाळ्या वाजवल्या. सालोमीबाईनं हात पदराखालीच ठेवले.

गेल्या साली याच चर्चचं जुनं छप्पर घंटा वाजवणाऱ्या तिच्या नवऱ्यावर कोसळलं होतं. तुळया कुजल्यात म्हणून तो बिचारा साहेबांच्या किती मागं लागला होता! पण त्याच्या मातीला साहेब डोळे पुसत म्हणाले, "प्रभूची इच्छा, बाई. तिच्यापुढं माणसाचं काय चालतं?"

आज पाटीवर सोनेरी अक्षरं चमकत होती: 'हे नवीन छप्पर रेव्ह. वाघचौरे यांच्या अथक परिश्रमाने उभे राहिले.'

"वाचलंत ना, सालोमीबाई?" साहेबांनी कौतुकानं विचारलं.

"वाचलं की. छप्पर पाडलं प्रभूनं, उभारलं तुम्ही. म्हणजे प्रभूकडं नुसता पाडकामाचाच ठेका होय, साहेब?"