डाव्या हाताचा मळ

"चाप हलका करून घेतलायस," मोहिद्दीन म्हणाला. "फॅक्टरीतून असा लोण्यासारखा चाप येत नाही. मुझे मत सिखा."

शूटिंग क्लबच्या मागच्या खोलीत, टेबलावर पिस्तूल होतं. रिकामं, मॅगझिन बाजूला काढून ठेवलेलं. समोर सुजीत राजवाडे उभा होता, उजवा हात पँटच्या खिशात घालून. सलाम केला तोही नुसत्या मानेने. विकायला आला तरी गड्याची ऐट जात नाही, असं मोहिद्दीनच्या मनात आलं.

दोन हजार नऊ साल होतं, दुबईत मंदी आलेली. ओळखीतला जो तो काहीतरी विकत होता. सोफे, गाड्या, मुलांच्या सायकली. सुजीतची जुमेरा लेक टॉवर्समधली कंपनी बंद पडली होती आणि तो बायकामुलांसह पुण्याला परत निघाला होता. पिस्तूल सोबत नेण्याचा प्रश्नच नव्हता. ते क्लबच्या तिजोरीतच राहणार, फक्त मालकाचं नाव बदलणार.

हे नाव आपलंच लागावं म्हणून मोहिद्दीन परकार सकाळीच दुकानाचं शटर ओढून आला होता. गडी मूळचा हर्णैचा, अबुधाबीजवळ मुसफ्फामध्ये एसीच्या सुट्या भागांचा धंदा. नेमबाजीत दरवर्षी दुसरा. पहिला अर्थात सुजीत. 'सुजीतचा हात धरणारा इथे कोणी नाही,' असं क्लबात येणारा नवा माणूससुद्धा दोन दिवसांत म्हणायला शिकायचा.

तेही एक वेळ चाललं असतं. पण गेल्या हिवाळ्यात सुजीत फायनलला उभा राहिला तो डाव्या हातात पिस्तूल घेऊन. एका हाताने मारायचा हा खेळ, रिकामा हात खिशात ठेवायचा रिवाज. त्याने उजवा खिशात घातला, डाव्याने नेम धरला आणि तरीही जिंकला. "परकारला हरवणं म्हणजे डाव्या हाताचा मळ!" क्लबातला जमाल चहाच्या टेबलावर ओरडला आणि सगळा क्लब खो खो हसला. सुजीतही हसला होता. त्या दिवशी बायकोने, जहांआराने केलेल्या सरंग्याच्या कालवणाला मोहिद्दीनने तोंडही लावलं नाही.

तेव्हापासून त्याची खात्री झाली होती, की जादू हातात नाही, पिस्तुलात आहे. बदल करून घेतलेलं पिस्तूल म्हणजे शिंप्याकडून बेतून घेतलेला सदरा. मालकाचं माप त्यातच असतं. आणि माप वाचण्यात मोहिद्दीन पक्का होता.

"हे बटण बघ. मॅगझिन सोडायचं. बाजू बदललीय, डावऱ्यासाठी. हे नवीन काम, अजून चकाकतंय." त्याने पेटीत हात घातला. आत मुठीच्या जुन्या लाकडी पट्ट्या होत्या, दोन जोड. त्याने त्या टेबलावर मांडल्या. "ही पहिली. उजव्या हाताची, साधी. ही दुसरी, तीही उजव्याचीच, पण जाड. खाली तळव्याला टेकू ठेवलाय. अरे, एवढा टेकू? अशी मूठ आवळायलाच नको, हात नुसता ठेवला तरी बसेल!"

"बसायचा," सुजीत म्हणाला.

मोहिद्दीनने पिस्तुलाची स्लाइड, गोळी चढवायचा वरचा सरकता भाग, मागे ओढली. ती ड्रॉवरसारखी सरकली. "स्प्रिंगही नरम. लहान पोर ओढेल. आणि तिच्यावर ही बाहेर आलेली दांडी कशाला रे? इतकी नरम स्लाइड, तिला आणखी ओढायला दांडी?"



दांडीची कड घासून पांढरी पडली होती. बोटांनी लोखंड असं घासत नाही. मोहिद्दीनने नजर वळवली. टेबलाच्या लोखंडी कडेवर तसेच ओरखडे होते, एकावर एक. त्याने दांडी त्या कडेला अडकवून पाहिली. दाबली. स्लाइड मागे गेली.

एकाच हाताने.

पहिली मूठ, दुसरी मूठ, हलका चाप, नरम स्प्रिंग, मग दांडी, मग डावा हात. टेबलावर सगळं क्रमाने मांडलेलं होतं आणि ते त्याने स्वतःच मांडलं होतं. वर्षभर सुजीतच्या ज्या हसण्याचा राग धरला, ते हसणं आता त्याला वेगळंच दिसू लागलं.

"सुजीत," तो हळू म्हणाला, "खिशातला हात काढ."

"राहू दे, मोहिद्दीनभाई."

"काढ म्हणतो ना."

सुजीतने डाव्या हाताने उजवं मनगट धरून तो हात बाहेर आणला. बोटं आत वळलेली होती. अंगठ्याजवळचं मांस पार आटलं होतं.

"नसांचं आहे. तीन वर्षं झाली," सुजीत म्हणाला. त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "आता डाव्याचाही नंबर लागलाय. मंदी बरी वेळेवर आली बघा. सगळेच निघालेत, त्यामुळे मला कोणी कारण विचारलं नाही." मग तो हसला, चहाच्या टेबलावर हसला होता तसाच. "बोला, घेणार ना? पाच हजार दिरहम, आपले पासष्ट हजार रुपये. माझ्या पश्चात ते तुमच्याकडेच शोभेल."

"घेणार. जो बोला, वही. खलास."

सौदा पक्का करायला सुजीतने डावा हात पुढे केला.

"डाव्या हाताने सौदा होत नाही आमच्यात," मोहिद्दीन म्हणाला. टेबलाला वळसा घालून तो पलीकडे गेला आणि सुजीतचा उजवा हात त्याने दोन्ही हातांनी धरला.