लक्ष्मणरावांचं वाक्य

अंबुबाईचा दहावा काल झाला, आणि आई गेल्याचं मोनिकाला अजून ठाऊक नव्हतं. तिचा नंबर लागत नव्हता. जातीबाहेर लग्न केलं म्हणून लक्ष्मणरावांनीच लेकीला घराचं दार बंद केलं होतं. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलात ती नर्स आहे, एवढं आणि हॉस्पिटलचं नाव तेवढं कानावर आलेलं.

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या स्वरूपाने त्या हॉस्पिटलचा नंबर शोधून काढला. ती आयटी पार्कात नोकरीला होती.

"काका, मी बोलते ना त्यांच्याशी."

"नगं. बाप मी हाय. मीच बोलनार. कसं म्हनायचं त्येवढं शिकव."

सकाळपासून ते एकच वाक्य घोकत होते. आय ॲम लुकिंग फॉर माय डॉटर. "लुकिंगच्या पुढं फॉरच म्हणायचं हं," स्वरूपाने बजावलं होतं. "आफ्टर नको. सगळा अर्थ बदलतो."

दुपारी स्वरूपाने फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडे बाईचा आवाज आला तसे लक्ष्मणराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

"आय ॲम लुकिंग आफ्टर माय डॉटर."

"दॅट्स गुड, सर," बाई मायेने म्हणाली.

"फॉर, काका, फॉर!" स्वरूपा कुजबुजली.

त्यांनी पुन्हा म्हटलं. मोनिकाचं नाव सांगितलं. 'मदर एक्सपायर्ड' हेही म्हटलं. बाईने जरा थांबायला लावलं, मग बराच वेळ काहीतरी सांगितलं. त्यातलं 'सॉरी' तेवढं त्यांना कळलं.

फोन ठेवून स्वरूपा म्हणाली, "मोनिकाताईने ती नोकरी मागेच सोडलीय. कुठे गेली, त्यांना माहीत नाही."

लक्ष्मणराव खाली बसले. धोतराचा सोगा उगाच सारखा करत राहिले.

"ती बाई आधी गुड म्हनली. त्ये कशापायी?"

"जाऊ द्या ना काका."

"सांग."

"लुकिंग फॉर म्हणजे शोधणं. आफ्टर म्हटलं की... सांभाळणं. तिला वाटलं, तुम्ही मुलीला सांभाळताय."

लक्ष्मणरावांनी टेबलावरचा फोन उचलला आणि तिच्या हातात दिला.

"परत लाव. तिला सांग, न्हाई सांभाळली म्हनावं."